दहापैकी तीन

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून त्या दिवशी कॉलेजात जायला निघताना ताईने मला आधीच दम भरला. "गाडी चालवायची, बाकावर बसायचं आणि गप्प राहायचं. तिथे एक शब्द बोलायचा नाही." मी म्हटलं, "बरं." बरं म्हणायला आपलं काय जातंय?

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. घरीच शिवणकाम करते. नवे कपडे कमी, दुरुस्तीच जास्त. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर, कुणाची चेन बदलून दे. भाओजी लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत अधांतरी असतात. आणि त्यांची एकुलती एक लेक, टिल्ली. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून टिल्ली. आता माझ्या पार्लरच्या दारातून वाकून आत येते, पण नाव पडलं ते पडलं.

तर ही टिल्ली लहानपणी शाळेत मठ्ठ ठरली होती. वर्गात प्रश्न विचारला की ही विचार करत बसायची. तोवर बाकीची पोरं हात वर करून, उत्तर देऊन मोकळी. दुसऱ्या दिवशी ही उभी राहून कालच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची, आणि सगळा वर्ग खो खो हसायचा. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आई, मला उत्तर येतं गं. पण ते येईपर्यंत कुणी थांबत नाही." ताईने ते ऐकलं, तिचं दप्तर खुंटीला टांगलं आणि शाळा बंद केली. घरात जो काय हलकल्लोळ माजला! टिल्लीची आत्या स्वतः शाळेत शिकवते. ती तर तोंडावर म्हणाली, "वहिनी, तुम्ही पोरीचं वाटोळं करताय." मीही काही कमी बोलले नाही. पण ताई एकदा अडून बसली की हत्तीही तिला हलवू शकत नाही.

मग कापड बेतायच्या टेबलावर शाळा सुरू झाली. टेबलाच्या एका टोकाला लोकांच्या पँटी, दुसऱ्या टोकाला जगाचा नकाशा. ताई स्वतः फार शिकलेली नाही, तेव्हा आधी रात्री स्वतः वाचायची, मग सकाळी दोघी मिळून वाचायच्या. वाचनालयातले काका या दोघींना बघून आपणहून पुस्तकं बाजूला काढून ठेवायला लागले. आणि ताईचा एकच नियम, तिच्या धंद्यातलाच: ज्याने टाका घातला त्यानेच तो उसवायचा. म्हणजे टिल्लीने लिहायचं, टिल्लीनेच लाल पेनाने तपासायचं आणि मार्कही टिल्लीनेच द्यायचे. ताई फक्त विचारायची, "झालं समाधान?"

मी म्हणायचे, "अगं, चोराच्या हातात तिजोरीची किल्ली दिलीस की!" पण हा चोर भलताच निघाला. स्वतःच्याच घरावर दरोडा घालायचा. दहापैकी सहाच्या वर तिने स्वतःला कधी काही दिलं असेल तर मला ठाऊक नाही.

हे सगळं छान चाललं होतं, पण कॉलेजची वेळ आली आणि घोडं अडलं. पोरीला पुढे शिकायचं होतं. आईच्या शेजारी मशीन टाकून बसायला तिची ना नव्हती, पण मन तिथे नव्हतं. तिला इतिहासही हवा होता, गणितही हवं होतं, आणि माणसं एकमेकांशी नीट का वागत नाहीत हेही शिकायचं होतं. असं सगळं एकत्र शिकवणारी कॉलेजं मुळात थोडी. त्यातल्या ज्या ज्या ठिकाणी गेलो, तिथे खिडकीतला माणूस विचारायचा, "शाळेचा निकाल?" नाही. "शाळा सोडल्याचा दाखला?" तोही कधीचाच जुना. "मग आम्ही हिला कशावरून घ्यायचं?" एकाने तर वर न बघताच हाताने 'चला' केलं. मी त्याला काय बोलले ते इथे सांगत नाही. ताई घरी येताना गाडीत एकदाच म्हणाली, "माझ्या हट्टापायी पोरीचं दार बंद झालं का गं?" मला काही उत्तर सुचलं नाही. मला सुचलं नाही, म्हणजे बघा!

शेवटी हे एक कॉलेज राहिलं. छोटंसं. फर्निचरच्या जुन्या गोदामात सुरू झालेलं आणि आता मागच्या बाजूला वाढत चाललेलं. त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "घरी शिकलेली मुलंही आम्ही घेतो. निकाल नसला तरी चालेल. सकाळी इथे बसून एक निबंध लिहायचा, दुपारी आमच्याशी बोलायचं. त्यावरून ठरवू." इथे नाही म्हटलं असतं तर दुसरं दार नव्हतं. पोरीला माहीत होतं, ताईला माहीत होतं, आणि भाओजींना इतकं माहीत होतं की त्यांनी सकाळपासून नखं खाऊन संपवली होती.

सकाळचा निबंध झाला आणि टिल्ली हसत बाहेर आली. मी विचारलं, "कसा गेला?"

"बरा गेला. तपासला पण."

"तपासला म्हणजे?"

"म्हणजे नेहमीसारखा. लाल पेन होतं ना माझ्याकडे." तिने लाल झालेलं बोट दाखवलं. "खालचा अर्धा भाग टिकत नाही, तो खोडला. शेरा लिहिला. मार्क दिले."

"किती?"

"चार."

"दहापैकी?"

"दहापैकीच."

मी मटकन खालीच बसले. अहो, जगाच्या पाठीवर कुठे कुणी असं केलंय का? प्रवेशाचा निबंध! परीक्षकाच्या हातात द्यायच्या आधी पोरगी आपणच स्वतःचे मार्क कापून मोकळी! आणि तिला त्यात काही चुकल्याचं कळतही नव्हतं. तिच्या लेखी निबंध तपासल्याशिवाय पुरा होतच नाही. भाओजी म्हणाले, "अगं, पण तपासायचं काम त्यांचं असतं." टिल्ली गोंधळून म्हणाली, "त्यांचं कसं? लिहिलाय मी." ताईचा चेहरा पांढरा पडला. शिकवण तिचीच होती ना.

दुपारी बोलावणं आलं. मागच्या नव्या बांधकामातली खोली. टिल्ली आत गेली, आम्ही बाहेरच्या बाकावर. कॉलेज वाढत होतं, पण त्याची दारं अजून वाढायची होती. नुसत्या चौकटी. ओळीत पुढच्या खोलीला एक सुतारदादा दार बसवत होता आणि रंध्याचा असा आवाज चालला होता की आतलं अक्षर ऐकू येईना. मी उठले आणि त्याला म्हटलं, "दादा, चहा पिऊन या." तो म्हणाला, "आत्ताच प्यायलो." मी म्हटलं, "आणखी एक प्या. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." बिचारा रंधा ठेवून खरंच गेला.

आता बाकावरून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. आत तिघं जणं. मधे प्राचार्या, पांढरे केस, पण कापलेले इतके सुरेख की मी मनातल्या मनात त्या कात्रीवाल्याला दाद दिली. डावीकडे इतिहासाचे म्हातारे सर, पोट टेबलाला टेकलेलं. उजवीकडे तर्कशास्त्राचे तरुण सर, केस चापूनचोपून बसवलेले, चेहराही तसाच.

तरुण सरांनीच सुरुवात केली. टिल्लीची पानं वर धरून म्हणाले, "तुम्ही स्वतःच स्वतःला चार दिलेत. आम्ही त्यापेक्षा जास्त का द्यावे?"

झालं. माझं डोकं फिरलं. मी कधी उठले आणि कधी आत पोचले, मलाच कळलं नाही. "अहो सर, ती आमच्या घरची पद्धत आहे! दुसरं पोर स्वतःला दहापैकी अकरा देईल, आणि आमच्या पोरीने खरेपणाने चार दिले तर तुम्ही तेच धरून बसलात?"

प्राचार्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपण?"

"मी मावशी."

"मावशी, दार नाही म्हणून आत आलात, की दार असतं तरी आला असतात?"

"दार असतं तरी आले असते."

म्हातारे सर फसकन हसले. पण तेवढ्यात मागून ताईने येऊन माझं बखोट धरलं आणि मला ओढत बाहेर आणलं. मला ओढून नेताना टिल्ली म्हणाली, "मावशी, बस ना तू. मला सांगता येतंय." आणि ताई माझ्या कानात म्हणाली, "पुन्हा उठलीस तर या जन्मात तुझ्याशी बोलणार नाही." मी बसले.

निबंधाचा विषय होता, सगळ्यांना सारखं देणं म्हणजे न्याय का? टिल्लीने लिहिलं होतं, नाही. आई जर सगळ्यांना एकाच मापाची पँट शिवून द्यायला लागली, तर माझे घोटे उघडे पडतील आणि माझी मावशी पायात अडकून पडेल. (माझ्या उंचीचा तिथे काय संबंध होता, हे मी तिला नंतर विचारलंच.) म्हणून ज्याचं त्याचं माप घेऊन द्यावं, तो न्याय. आणि खाली लाल पेनाने: उदाहरण गोड आहे म्हणून खरं वाटतंय. गिऱ्हाईक खोटं माप देतं, ते मी लिहिलंच नाही. पुन्हा करावं लागेल.

म्हातारे सर पुढे वाकले. "गिऱ्हाईक खोटं माप कसं देतं?"

"पोट आत ओढून उभं राहतं," टिल्ली म्हणाली. "टेप कमरेला लागली की सगळेच ओढतात. मग शिवलेली पँट बसत नाही आणि दोष आईला."

म्हाताऱ्या सरांनी आपलं पोट हळूच सैल सोडलं. मी पाहिलं.

"मग तुमची आई काय करते?"

"बोलत राहते. पाऊस, भाव, मुलंबाळं, काहीही. बोलता बोलता माणसाला पोट आत धरून ठेवता येत नाही. तेवढ्यात ती माप घेते."

प्राचार्या खुदकन हसल्या. माझ्या जिवात जीव आला. मी ताईला कोपर मारलं. पण तरुण सर हसले नाहीत.

"म्हणजे त्याच्या नकळत," ते म्हणाले. "त्याला जे लपवायचं आहे ते बोलण्यात गुंतवून काढून घ्यायचं. ज्याचं भलं करायचं त्यालाच फसवायचं. मग हे न्यायाचं उदाहरण कसं झालं?"

टिल्ली गप्प.

मी वाट पाहिली. ती गप्पच. टेबलाकडे बघत होती, ओठ किंचित हलत होते. मला ती ओळखीची खूण होती. पोरगी आत उतरली होती, आणि उतरली की लवकर वर येत नाही. अगं बाई, बोल की काहीतरी! तोंडाला येईल ते बोल! भाओजी डोळे मिटून बसले होते. आत खुर्ची करकरली. म्हाताऱ्या सरांनी खोकला काढला. शाळेतली ती गत पुन्हा होणार, हे मला दिसायला लागलं. आता हे लोक पुढचा प्रश्न विचारणार, मग 'या तुम्ही' म्हणणार, आणि पोरीला उत्तर सुचेल ते उद्या, घरी, पँटींच्या ढिगाशेजारी.

ताई हळूच म्हणाली, "थांबतील का गं ते?" तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी तिचा हात घट्ट धरला.

आत प्राचार्यांनी पान उलटलं आणि तोंड उघडलं. आणि तरुण सरांनी, त्याच चापूनचोपून सरांनी, हात वर केला. "एक मिनिट, मॅडम. ती विचार करतेय. थांबूया."

आणि ते थांबले, हो! तिघंही! कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी पेन आपटलं नाही. सुतारदादा चहा पिऊन परत आला, त्याने आमची तोंडं पाहिली आणि तोही रंध्याला हात न लावता भिंतीला टेकून उभा राहिला.

शेवटी टिल्लीने मान वर केली. "सर, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "ते फसवणंच आहे. मला ते दिसलं नव्हतं." तिने पानं आपल्याकडे ओढली, खिशातून लाल पेन काढलं आणि आणखी एक परिच्छेद उभा-आडवा खोडला. मग खालचा चार खोडून तिथे तीन केला.

"मेले!" मी म्हटलं. उठले नाही, पण म्हटलं. लोक मुलाखतीत चढतात, आमची उतरत होती.

पण टिल्ली बोलत होती. आता ती थांबेना. "म्हणजे आईने सांगायला हवं, तुम्ही पोट आत ओढलंय, सोडा. पण तसं सांगितलं तर गिऱ्हाईक ओशाळेल, चिडेल, दुसरीकडे जाईल. म्हणजे प्रश्न मापाचा नाहीच. त्याला स्वतःच्या पोटाची लाज वाटते, हा प्रश्न आहे. लाज असेपर्यंत कुणीच खरं माप देणार नाही, आणि मग देणाऱ्याला फसवावंच लागेल. आधी लाज जायला हवी. ती कशी घालवायची ते मला माहीत नाही. म्हणून तीनच."

"थांबा, थांबा," म्हातारे सर म्हणाले. "लाज काय सगळी वाईटच असते? थोडी लाज हवीच की माणसाला!"

"सर, तिचा मुद्दा तो नाही," तरुण सर म्हणाले.

"तिचा नसेल, माझा आहे!"

"मग तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करताय."

"मी? अरे, तू माझा विद्यार्थी होतास!"

"तेव्हाही तुम्ही करायचात!"

जुंपली की हो दोघांची! टेबलावर हात आपटायला लागले. प्राचार्या मधे पडायला गेल्या आणि त्यांनीच तिसरं मत मांडलं, म्हणजे आगीत तेल. टिल्ली एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. मधेच ती म्हणाली, "पण सर, दोघांचंही बरोबर असलं तर?" आणि दोघंही एकदम तिच्यावर उलटले, "तसं चालणार नाही!" मग चौघंही हसत सुटले. सुतारदादाने मला विचारलं, "ताई, झाली का पास?" मी म्हटलं, "देव जाणे. मार्क तर अजून तीनच आहेत."

थोड्या वेळाने आतला आवाज खाली आला. ते आपसात काहीतरी पुटपुटले. मग खुर्च्या सरकल्या आणि तिघंही उठून बाहेर आले, मागून टिल्ली. भाओजी झटकन उभे राहिले. मीही. ताई तेवढी बसूनच राहिली.

प्राचार्या म्हणाल्या, "आमच्याकडे एक पद्धत आहे. कुणालाही प्रवेश दिला की ते आधी त्याच्या शिक्षकांना कळवायचं. मुलाला नंतर, आईवडिलांना त्याच्याही नंतर. शाळेतून आलेल्यांच्या शाळेत आम्ही फोन करतो." त्या ताईसमोर येऊन उभ्या राहिल्या. "इथे फोनची गरज नाही. बाई, तुमची विद्यार्थिनी आम्ही घेतली."

"घेतली?" ताई म्हणाली. "तीन मार्कांना?"

"आमच्या तिघांचं एकमत झालंय," तरुण सर म्हणाले. "मी मुद्दा काढला आणि तिने तो मान्य करून स्वतःचे मार्क कमी केले. आजवर इतकी मुलं येऊन गेली, बाई, एकानेही स्वतःचं वाक्य मागे घेतलं नाही. मला अशी मुलगी वर्गात हवी आहे."

मग मी काय केलं विचारता? मी त्या बिनदाराच्या कॉलेजात भोकाड पसरलं. भाओजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि खांदे हलवत उभे राहिले. टिल्लीने मला कवेत घेतलं, तर माझं डोकं तिच्या काखेत. सुतारदादाने टाळ्या वाजवल्या, एकट्यानेच, पण जोरात. आत्याला फोन करायला मी रडता रडताच पर्समध्ये हात घातला होता, हे खोटं कशाला बोलू?

ताई मात्र रडली नाही. ती उठली. मांडीवरचा दोरा झटकला, ताठ उभी राहिली आणि त्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. माझी बहीण, जी गिऱ्हाइकाला 'पैसे राहिलेत' म्हणायलाही अडखळते, ती त्या मोठमोठ्या शिकलेल्या माणसांशी एका शिक्षिकेने दुसऱ्याशी बोलावं तसं बोलली.

"हिला प्रश्न विचारलात की थांबत जा," ती म्हणाली. "मधे बोलू नका. उत्तर देते ती. उशिरा देते, पण देते. एवढी वर्षं मी थांबले, आता तुमची पाळी."

प्राचार्यांनी मान डोलावली. म्हाताऱ्या सरांनी हात जोडले. आणि ते तरुण सर, चापूनचोपून बसवलेल्या केसांचे, वर्गात उभ्या राहिलेल्या पोरासारखे म्हणाले, "हो, बाई."